‘तहकूब’, ‘रद्द’, ‘स्थगित’ की ‘पुढे ढकलली’? एका सभेच्या सूचनेवरून

डिचोली तालुक्यातील एका वाचनालयाच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा एका रविवारी सकाळी व्हायची होती. शुक्रवारपासून पावसाने झोडपून काढले, शनिवारी सायंकाळीही गावात वीज नव्हती, म्हणून कार्यकारिणीने सभा नंतर घेण्याचे ठरवले आणि फलकावर सूचना लावली: ‘संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा काही अपरिहार्य कारणास्तव तहकूब करण्यात आली असून ती पुढच्या रविवारी होईल.’ एका ज्येष्ठ सभासदांनी ‘तहकूब’ या शब्दाला हरकत घेऊन ‘रद्द’ सुचवला, दुसऱ्यांना ‘स्थगित’ अधिक शुद्ध वाटला, आणि यांपैकी कोणाचे खरे मानावे असे सचिवांनी मला विचारले आहे.

पणजीत मराठी दैनिकाच्या संपादन विभागात आणि त्यानंतर संस्थांच्या सूचना, इतिवृत्ते व सरकारी पत्रके मराठीत आणण्याच्या कामात माझी तीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की या सूचनेपुरते तिन्ही शब्द चुकीचे आहेत. येथे ‘पुढे ढकलण्यात आली आहे’ हाच प्रयोग योग्य आहे. ज्येष्ठ सभासदांची हरकत मात्र खरी होती. त्यांनी सुचवलेला पर्याय तेवढा चुकला. शिवाय सूचनेतील सर्वांत घातक शब्दाकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. त्याबद्दल पुढे लिहितोच.

‘रद्द’पासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान त्याने होते. हा शब्द अरबी आहे. परत फिरवणे, नाकारणे हा त्याचा मूळचा अर्थ. फारसीच्या वाटेने मराठीत येताना त्याने आपले गोतही बरोबर आणले. ज्या कागदाचे काम संपले तो ‘रद्दी’त जातो, जो दस्तऐवज कायद्याने निरर्थक ठरतो तो ‘रद्दबातल’ होतो, आणि त्यातला ‘बातल’ हा निष्फळ, पोकळ या अर्थाचा अरबी शब्दच आहे. ‘रदबदली’ हीदेखील याच घरची. परंतु कोणासाठी तरी शब्द टाकणे, मध्यस्थी करणे असा तिचा अर्थ आपल्याकडे रुळल्याने तिचे रद्दीशी असलेले नाते आता ओळखू येत नाही. हा सगळा परिवार पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. ‘रद्द’ म्हटल्यावर त्या वस्तूचा हिशेब मिटला. ती नंतर केव्हातरी होईल असे त्या शब्दात कोठेही सुचवलेले नसते.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. फोंडा तालुक्यातील एका जत्रेत व्हायचा नाटकाचा प्रयोग अवकाळी पावसामुळे त्या रात्री झाला नाही, आणि तो दोन दिवसांनी करण्याचे मंडळाने ठरवले. बातमी माझ्या हातून गेली. आतल्या मजकुरात नवी तारीख होती. मथळ्यात मात्र जागा अपुरी पडली म्हणून मी ‘नाट्यप्रयोग रद्द’ एवढेच बसवले. लोकांनी मथळा वाचला, आतले कोणी वाचले नाही. दोन दिवसांनी रंगमंच उभा होता, कलाकार रंगून तयार होते आणि समोरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवशी मंडळाचे दोघे जण कार्यालयात आले. ते आवाज चढवून एक शब्द बोलले नाहीत; अंक माझ्यासमोर ठेवला, मथळ्यावर बोट ठेवले आणि ‘आता तुम्हीच सांगा’ एवढेच म्हणाले. तेव्हापासून ‘रद्द’ हा शब्द मी दोनदा विचारल्याशिवाय छापू दिलेला नाही.

‘रद्द’ची व्याप्ती मात्र नीट ओळखली पाहिजे. आज एखादी गाडी रद्द झाली याचा अर्थ ती गाडीच संपली असा होत नाही. आजची तिची फेरी संपली, उद्या ती वेळेवर सुटू शकते. रेल्वेच्या सूचनांत ‘अंशतः रद्द’ असा प्रयोग येतो तो याच समजुतीने: मडगावपर्यंत जाणारी गाडी थिवीलाच थांबवली, तर थिवी ते मडगाव एवढा तिचा त्या दिवसाचा प्रवास रद्द. उलट एखादी सेवा कायमची किंवा अनिश्चित काळासाठी थांबली तर तिच्यासाठी ‘बंद’ हा शब्द आहे. नदीला पूर आल्याने सकाळची फेरीबोट रद्द होते. धक्काच वापरात राहिला नाही तर त्या मार्गावरची फेरीबोट बंद होते. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि मग पलीकडच्या तीरावर राहणारा माणूस ‘उद्या आहे की नाही?’ असे विचारत फिरतो.

आता ‘पुढे ढकलणे’. येथे वस्तू तीच राहते, फक्त तिची वेळ सरकते. कोविडच्या काळातील दोन परीक्षा या दृष्टीने फार बोलक्या आहेत. गोवा शालान्त मंडळाची २०२० ची दहावीची परीक्षा टाळेबंदीमुळे ठरल्या वेळी झाली नाही, परंतु त्या वर्षी २१ मेपासून ती घेण्यात आली. म्हणजे ती पुढे ढकलली गेली होती. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा आधी पुढे ढकलण्यात आली आणि नंतर रद्द झाली. एकाच परीक्षेला काही आठवड्यांच्या अंतराने दोन वेगळे शब्द लागले, आणि त्या दोन शब्दांमध्ये विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा सगळा प्रश्न होता: पहिला शब्द छापून आला त्या दिवशी पुस्तके उघडीच ठेवायची होती, दुसरा आला त्या दिवशी ती मिटता आली. भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचेही असेच. त्याची ५१ वी आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये पणजीत व्हायची होती, ती जानेवारी २०२१ मध्ये झाली, आणि ५१ वी म्हणूनच झाली. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये भरले, तरी त्याचे अधिकृत नाव ‘टोकियो २०२०’ असेच राहिले. २०२० ची विम्बल्डन स्पर्धा मात्र रद्द झाली आणि त्या वर्षीचा विजेता असा कोणी झालाच नाही. पुढे ढकललेली वस्तू आपले नाव, आपला क्रमांक आणि आपली तिकिटे बरोबर घेऊन पुढे जाते. नाट्यगृहाच्या खिडकीवर हा फरक सरळ पैशांचा असतो: प्रयोग पुढे ढकलला असेल तर सहसा तेच तिकीट चालते, रद्द झाला असेल तर पैसे परत मागायचे.

‘लांबणीवर टाकणे’ आणि ‘लांबणीवर पडणे’ हे प्रयोग अर्थाने जवळचे दिसले तरी त्यांच्यात नापसंती दडलेली असते. पुढे ढकलणे हा निर्णय आहे, लांबणीवर पडणे ही तक्रार आहे. आपल्याकडचे याचे ठळक उदाहरण राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे. ३५ वी स्पर्धा २०१५ मध्ये केरळात झाली आणि ३६ वी गोव्यात व्हायची होती. ती २०१६ पासून पुन्हा पुन्हा मागे पडत गेली; शेवटी ३६ वी स्पर्धा २०२२ मध्ये गुजरातेत झाली आणि गोव्याच्या वाट्याला ३७ वी आली, तीही ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये. ऑलिंपिकने वर्ष गमावूनही नाव राखले; आपण लांबणीवर टाकता टाकता क्रमांकच घालवला. या साऱ्या वर्षांत ‘स्पर्धा पुढे ढकलल्या’ ही बातमी प्रत्येक वेळी शब्दशः खरी होती, परंतु सगळ्या बातम्या एकत्र ठेवल्या तर त्यांना ‘लांबणीवर पडल्या’ हाच शब्द शोभतो. तात्पर्य, तुमच्या सूचनेत ‘लांबणीवर टाकली’ असे लिहू नका. सभासद ते कार्यकारिणीच्या आळशीपणाची कबुली म्हणून वाचतील.

‘तहकूब’ हा या गटातला सर्वांत काटेकोर शब्द आहे आणि तुमच्या प्रश्नाचा गाभाही तोच आहे. जी बैठक भरली, किंवा निदान भरण्याची वेळ होऊन सभासद जेथे जमले, तीच तहकूब होऊ शकते. आणि तहकूब करण्याचा अधिकार त्या सभेचा व तिच्या अध्यक्षांचा असतो. आदल्या सायंकाळी सचिवांच्या घरी बसलेल्या कार्यकारिणीचा तो नव्हे. बहुतेक संस्थांच्या सभासूचनेच्या तळाशी एक ठरलेली टीप असते: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की त्यातली गंमत लक्षात येत नाही. साडेदहाला सभा सुरू व्हायची, हजेरी पुस्तकात सह्या अपुऱ्या, म्हणून अध्यक्षांनी ती तहकूब केली, सगळ्यांनी बाहेर जाऊन चहा घेतला आणि अकराला तीच सभा पुन्हा बसली. ‘तीच’ हा शब्द महत्त्वाचा. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ती नवी सभा नसते; तिच्यापुढे आधीच्या विषयपत्रिकेवरचे उरलेले कामच येते आणि नवे विषय घुसडता येत नाहीत. सभा रद्द झाली तर मात्र सगळेच नव्याने: नवी सूचना, पोटनियमात सांगितलेली पूर्ण मुदत, आणि वाटल्यास नवी विषयपत्रिकासुद्धा. उद्या एखाद्या सभासदाने सभेच्या वैधतेवर बोट ठेवले तर सगळा वाद फलकावरच्या एका शब्दाभोवती फिरेल. म्हणूनच अशी सूचना काढण्यापूर्वी, जाहीर झालेली सभा पुढे ढकलण्याचा अधिकार तुमच्या संस्थेच्या घटनेने कार्यकारिणीला दिला आहे का, हेही पाहून घ्यावे. तो दिलेला नसेल तर जुना आणि सुरक्षित मार्ग असा की जे चार सभासद येतील त्यांना घेऊन ठरल्या वेळी बसायचे आणि तेथे रीतसर सभा तहकूब करायची. पावसात भिजत जावे लागते हे खरे, पण मग ‘तहकूब’ हा शब्द तुम्हाला हक्काने वापरता येतो.

विधानसभेची भाषा पाहिली की हा काटेकोरपणा आणखी स्पष्ट होतो. राज्यघटनेच्या १८९ व्या अनुच्छेदाप्रमाणे सभागृहाची गणपूर्ती म्हणजे दहा सदस्य किंवा एकूण सदस्यसंख्येचा एक दशांश, यांपैकी जो आकडा मोठा असेल तो. गोव्याच्या विधानसभेत ४० सदस्य. एक दशांश चारच होतात, म्हणून येथे दहाचा आकडा लागू पडतो. तेवढे सदस्य नसले तर सभापतींना कामकाज तहकूब करावे लागते किंवा संख्या भरेपर्यंत बैठक थांबवून ठेवावी लागते. गोंधळामुळे कामकाज दुपारपर्यंत तहकूब होते, दिवसभरासाठी तहकूब होते, आणि अधिवेशनाच्या शेवटी बेमुदत तहकूब होते. त्यानंतर राज्यपाल सत्रसमाप्ती करतात, ज्याला वृत्तपत्रे ‘अधिवेशन संस्थगित’ म्हणतात. आणि सभागृहच संपवायचे असेल तर ते विसर्जित होते. तहकूब करणे सभापतींच्या हातात, सत्रसमाप्ती व विसर्जन राज्यपालांच्या. एका शब्दाऐवजी दुसरा घातला तर केवळ अर्थ बदलत नाही, अधिकारी बदलतो. ‘विधानसभा बेमुदत तहकूब’च्या जागी ‘विधानसभा बरखास्त’ असा मथळा एकदा आमच्याकडे रात्री अकराला जवळजवळ छापायला गेला होता. मुद्रितशोधकाने तो पकडला नसता तर सकाळी पर्वरीत, म्हणजे विधानसभेच्या आवारात, काय झाले असते याची कल्पना न केलेली बरी.

‘स्थगित’ या शब्दाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. तो संस्कृत आहे म्हणून शुद्ध आणि ‘तहकूब’ परका म्हणून अशुद्ध, हा समज तुमच्या दुसऱ्या सभासदांच्या सूचनेमागे असावा. शब्दाची शुद्धता त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. तो वाचणाऱ्याच्या मनात नेमके काय उभे करतो यावरून ठरते. मराठीत ‘स्थगिती’ म्हटले की न्यायालय आठवते: बांधकामाला स्थगिती, निवडणुकीला स्थगिती, आदेशाला अंतरिम स्थगिती. कोणीतरी वरचा अधिकारी बाहेरून हात आडवा घालतो आणि काम जेथल्या तेथे थांबते, हे चित्र त्या शब्दात आहे. ‘वाचनालयाच्या सभेला स्थगिती’ असे वाचले तर गावात पहिला प्रश्न ‘कोर्टात कोण गेला?’ हाच येईल. हिंदीत मात्र कार्यक्रम पुढे गेला तरी ‘स्थगित’ म्हणतात, आणि दूरचित्रवाणीच्या हिंदी पट्ट्यांवरून तो प्रयोग आपल्या निमंत्रणपत्रिकांत उतरला आहे. एक गुंता मान्य केला पाहिजे: विधिमंडळात तातडीच्या विषयासाठी ठरलेले कामकाज बाजूला ठेवण्याची मागणी करतात तिला ‘स्थगन प्रस्ताव’ म्हणतात, आणि तेथे स्थगन व तहकुबी हे एकमेकांच्या फार जवळ येतात. तो त्या सभागृहाचा पारिभाषिक शब्द आहे. वाचनालयाने तो उसना घेण्याचे कारण नाही.

काही नियतकालिके ‘रद्द’ऐवजी ‘रहित’ लिहितात. तो जुना मराठी प्रयोग आहे, चूक नाही. परंतु आजच्या वाचकाला ‘रहित’ हा शब्द दोषरहित, भेदरहित अशा समासांतच भेटतो, त्यामुळे ‘कार्यक्रम रहित’ वाचून तो क्षणभर अडखळतो, आणि सूचना वाचणाऱ्याला अडखळायला लावणे परवडत नाही.

हे झाले फलकाचे. घरात आपण यांतला एकही शब्द फारसा वापरत नाही, आणि घरचे शब्दच मला अधिक हुशार वाटतात. आपला बेत ‘बारगळतो’, ‘फिसकटतो’, ‘राहून जातो’. या क्रियापदांना कर्ता लागत नाही. दोष कोणाचाच नसतो. ‘सहल रद्द केली’ म्हटले की कोणी केली हा प्रश्न उभा राहतो, ‘सहल राहिली’ म्हटले की सगळे सुटतात. लग्नाच्या बाबतीत तर शब्द तोलूनच वापरावा लागतो: मुहूर्त बदलला ही साधी माहिती, लग्न पुढे गेले यात चिंता, आणि लग्न मोडले यात दोन घराण्यांचे दुखणे. ‘लग्न रद्द’ हे सभागृहाच्या कार्यालयातील नोंदवहीत शोभते, माणसांच्या तोंडी नाही. देवाच्या कार्याला तर आपण ‘रद्द’ म्हणतच नाही. सुतक आले तर ‘यंदा आमच्याकडे चवथ (गणेशचतुर्थी) नाही’ एवढेच सांगतो. जत्रा तिथीला बांधलेली असल्याने ती पुढे ढकलण्याचाही प्रश्न येत नाही. महामारीच्या काळात देवस्थानांनी विधी साधेपणाने केले आणि रद्द झाली ती फेरी (जत्रेतला बाजार), दुकाने आणि नाटके. कोकणीत ‘फुडें धुकलप’ हा ‘पुढे ढकलणे’चा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे गोव्यातील वाचकाला हा प्रयोग दोन्ही भाषांतून कळतो; माझ्या निवडीमागे हेही एक कारण आहे. ‘काबार’ मात्र वेगळा. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द संपण्यासाठी आहे, न होण्यासाठी नाही. कार्यक्रम काबार झाला म्हणजे तो पार पडला.

आता उलट दिशा. ठरलेली गोष्ट ठरल्या दिवसाच्या आधी घ्यायची असेल तर बोलताना ‘प्रीपोन’ म्हणतात, आणि लिहिताना लोकांची तारांबळ उडते. कोणी ‘सभा मागे घेतली’ असे लिहितो. पण मराठीत अर्ज मागे घेतात, आंदोलन मागे घेतात, आणि मागे घेणे म्हणजे सोडून देणे. कोणी ‘सभा पुढे आणली’ असे लिहितो, आणि वाचक ती लांबली असे समजतो, कारण काळाच्या हिशेबात मराठीतले ‘पुढे’ नंतरच्या बाजूला असते. दहा मिनिटे पुढे असलेले घड्याळ नंतरची वेळ दाखवते, हे येथे आठवावे. ‘सभा २० ऐवजी १३ तारखेला, म्हणजे आधी घेण्यात येत आहे’ असे सरळ लिहावे. बोलीत ‘अलीकडे घेतली’ हाही चांगला प्रयोग आहे.

आणि हाच ‘पुढे’ तुमच्या सूचनेत दबा धरून बसला आहे. ‘पुढच्या रविवारी’ म्हणजे नेमके केव्हा? सूचना शनिवारी सायंकाळी लावली. दुसऱ्याच दिवशी रविवार होता, तोच सभेचा मूळ दिवस. काही सभासदांच्या लेखी पुढचा रविवार म्हणजे त्यानंतरचा, काहींच्या लेखी तो त्यानंतरचा रविवार ‘येता’ आणि त्याच्याही पलीकडचा ‘पुढचा’. शिवाय सूचना सोमवारी वाचणाऱ्याची गणना पुन्हा वेगळी. तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिले आहे की दोन सभासद एक आठवडा आधी येऊन कुलूप पाहून परतले. त्यांना ‘तहकूब’ने फसवले नाही, ‘पुढच्या’ने फसवले. म्हणून सूचनेत तारीख आणि वार दोन्ही लिहावेत, म्हणजे एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती पकडता येते.

लेखनाबद्दल थोडेसे. ‘तहकूब’मधील ‘कू’ दीर्घ, पण ‘तहकुबी’ होताच तो ऱ्हस्व होतो. ‘स्थगित’ तत्सम असल्याने त्यातील ‘गि’ ऱ्हस्वच राहतो. ‘सभेला रद्द करण्यात आले’ हे वळण मराठी नव्हे. सभा रद्द करण्यात आली. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द तर काढूनच टाकावेत. पाऊस पडला, वीज गेली, हे सांगण्यात कसला संकोच? कारण झाकले की लोक त्यात भांडण शोधतात.

तुमची सूचना मी अशी लिहिली असती. तारखा तुमच्या दिनदर्शिकेप्रमाणे घालाव्यात:

‘मुसळधार पाऊस व खंडित वीजपुरवठा यांमुळे रविवार, दि. … रोजी सकाळी १०.३० वाजता व्हावयाची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढे ढकलण्यात आली आहे. ही सभा आता रविवार, दि. … रोजी त्याच वेळी व त्याच ठिकाणी होईल. विषयपत्रिकेत बदल नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी सकाळी ११ वाजता घेण्यात येईल.’

शेवटच्या वाक्यातील ‘तहकूब’ तेवढा राहू द्यावा. तेथे तो स्वतःच्या घरी आहे.